समोरचा फ्लेक्स आणि माझा फळा

एका फ्लेक्सने माझी मेस निम्मी रिकामी केली, हे मी सांगत होते तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. आमचे हे म्हणाले, "फ्लेक्स बघून कुणी जेवतं का? लग्नसराई आहे, पोरं गावी गेली असतील." शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मावशी, आमटी पातळ झाली असंल हल्ली." माझी आमटी आणि पातळ. त्या माणसाला मी आठ दिवस चहा विचारला नाही.

आता हीच माणसं आल्यागेल्याला सांगतात की जाहिरातीत लई ताकद असते, आम्ही तर पहिल्यापासून म्हणत होतो.

असे किस्से मेसवाल्या बाईकडे साठतातच. उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन संपवता येतो, किस्से संपत नाहीत. तीन शिफ्टची माणसं जेवायला येतात आणि प्रत्येक जण ताट उचलताना एखादा मागे ठेवून जातो. इतरांचे मी सांगत नाही, त्यांच्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. हे सगळे माझे आणि समोरच्या मेसवाल्या संजयचे.

आमची मेस कुरुळीत, एका कंपनीच्या दोन नंबर गेटसमोर. कुठली कंपनी ते सोडा, गाड्यांचे पार्ट बनतात एवढं पुरे. आम्ही लातूरकडचे. हे त्याच कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या खात्यात होते, प्रेस शॉप बंद झालं तेव्हा मी दोन पातेली आणि एक शेगडी घेऊन बसले. त्याला पंधरा वर्षं झाली. मेसला नाव नव्हतं. दारात एक काळा फळा, त्यावर मी रोज खडूने लिहायचे, 'आजची भाजी : दोडका.' बस. मी चौथी शिकलेय, पण माझं अक्षर असं आहे की आमचे गुरुजी माझी पाटी वरच्या वर्गात नेऊन दाखवायचे.

मेंबर बहात्तर होते. पन्नासाच्या खाली मेंबर गेले की मेस चालत नाही. भाकरीच्या दोन बायका, गॅस, खोली, सगळं त्या पन्नासावर उभं असतं. मेस बंद झाली तर भांडी टेम्पोत घालून गावी परत जायचं, आणि पोरीचं पिंपरीतलं नर्सिंग अर्ध्यावर. म्हणून पन्नास हा आकडा मी देवासारखा लक्षात ठेवलाय.

*

समोरच्या गाळ्यात संजय आला. संजय खेडकडचा, इथल्याच मातीतला, वय चाळिशीचं, तोंडाने गोड. त्याने आधी मेस उघडलीच नाही. आधी फ्लेक्स लावला. वीस फुटांचा. 'आईच्या हातची चव' आणि शेजारी एक बाई, नथ घातलेली, डोक्यावर पदर, हातात पळी, हसतेय अशी की जन्मात कधी गॅस संपला नसेल.

ती बाई त्याची आई नव्हती. तिला मी आणखी एका ठिकाणी पाहिलंय. मोशीला एका दवाखान्याच्या बोर्डावर ती गुडघेदुखीतून बरी झालेली आहे.

पण काम तिने चोख केलं. आई सोडून पाचशे कोसांवर आलेली पोरं. पाच जण एका खोलीत. ती शिफ्ट संपवून गेटबाहेर आली की डावीकडे माझा फळा, 'आजची भाजी : दोडका', आणि उजवीकडे वीस फुटांची आई. आठ दिवसांत माझे बहात्तरचे एकेचाळीस झाले.

मी स्वतः जाऊन बघितलं, आत कोण रांधतंय ते. आचारी होता. भरदार मिशीचा, बनियनवर, दोन्ही हातांनी पातेलं हलवत होता. माणूस वाईट नव्हता, हात हलका होता त्याचा. पण आई म्हणावी असं काही मला त्याच्यात दिसलं नाही.

*

जे मेंबर टिकले त्यांच्यात गणेश वेल्डर होता. नांदेडचा, पस्तिशीचा, खवचट. त्या दिवशी जेवताना म्हणाला, "मावशी, त्याची आई हाय तरी कुठं?"

मी म्हटलं, "गावाला आहे म्हणतात. शेळ्या सांभाळत असेल."

"मग लिहा की फळ्यावर."

"ते काय लिहायचं?"

"खोटं थोडंच हाय?"

खोटं नव्हतं. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'समोर आईच्या हातची चव मिळते. आई गावाला आहे. आजची भाजी : शेवगा.'

गणेशने फोटो काढून स्टेटसला टाकला. त्याच्या खोलीतल्या पाच जणांनी टाकला. मग त्यांच्या कंपनीतल्या लाइनने टाकला. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर पंधरा-वीस जण नुसते फळा बघायला आले. बघायला आलेला माणूस उपाशी असतो, हे समोरच्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. शेवगा संपला.

संध्याकाळी संजय रस्ता ओलांडून आला.

"कमलताई, हे बरं न्हाई."

"खोटं लिहिलंय का मी?"

"खोटं न्हाई, पर असं कुणी लिवतं व्हय?"

"तू वीस फूट लिहिलंस. मी दोन ओळी लिहिल्या. जेवणार आहेस का?"

नाही जेवला. पण जाताना फळा पुन्हा एकदा वाचला त्याने.

*

आता त्याचं डोकं बघा. दुसरा असता तर फ्लेक्स उतरवून ठेवला असता. हा गावाला गेला आणि आईला घेऊन आला. खरीखुरी आई, हौसाबाई, वय ऐंशीच्या पुढे, चिरगुटासारखी वाळलेली, पण डोळे घारीचे. तिला नवी साडी नेसवली, मेसच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि फ्लेक्स लावला, 'आई आली.'

मी मान्य करते, हा वार बसला. पन्नासाला नुकतीच शिवले होते, पुन्हा चव्वेचाळीसवर आले. पोरं जाता-येता म्हातारीच्या पाया पडायची आणि तसंच आत जाऊन जेवायला बसायची. माझ्याकडे पाया पडण्यासारखं काही नव्हतं.

तीन दिवस म्हातारी बसली. चौथ्या दिवशी दुपारी काठी टेकत टेकत रस्ता ओलांडून माझ्या दारात.

"पोरी, भाकर हाय का?"

"आहे की. या आई, बसा."

"आमच्यात समद्या चपात्याच करतोय त्यो. रबरावानी. मला दात न्हाईत."

मी ज्वारीची भाकरी ताटात चुरली, वर येसराची आमटी ओतली. येसर म्हणजे आमच्याकडे गहू, हरभरा, धने भाजून दळून ठेवतात, त्याची आमटी. दीड भाकरी खाल्ली तिने. मग मला म्हणाली, "तिखाट लई हाय," आणि वाटी पुढे केली, "अजून घाल."

ती गेल्यावर मी फळा पुसला आणि लिहिलं, 'समोरच्या आई आल्या होत्या. जेवून गेल्या. आजची भाजी : वांगं.'

त्या दिवशी वांगं मला दोनदा करावं लागलं.

*

पुढचा वार त्याने माझ्या वर्मावर केला. माझं तोंड वाईट आहे, हे सगळ्या कुरुळीला माहीत आहे. ताटात अन्न टाकलं की मी बोलते. हात न धुता बसला की बोलते. खाडा सांगितला नाही तर जास्तच बोलते. खाडा म्हणजे उद्या जेवायला नाही हे मेंबरने आदल्या दिवशी सांगायचं, नाहीतर त्याच्या वाटच्या भाकऱ्या वाळत बसतात. माझं बोलणं रस्त्यापर्यंत जातं.

संजयने नवा फ्लेक्स लावला. 'इथे हसतमुख सेवा. ओरडा खायचा असेल तर समोर.'

मी पळी घेऊनच निघाले होते. ह्यांनी अडवलं. म्हणाले, "आता तिकडे जाऊन ओरडलीस तर त्याचा फ्लेक्स खरा होईल." तेही खरंच. मी परत येऊन भांड्यांवर राग काढला. रात्रभर विचार करत होते की आता मेंबर जाणार. आईबापाचा ओरडा चुकवायला तर पोरं घरातून निघालेली असतात.

दुसऱ्या दिवशी एक नवा ट्रेनी आला. कधी बघितलेला नाही. जेवला, ताटात अर्धी चपाती मुद्दाम ठेवली आणि माझ्याकडे बघत बसला.

"काय रे?"

"मावशी, ओरडा ना."

"का?"

"आई रोज ओरडायची. सहा महिने झाले, कुणी ओरडलं नाही. कंपनीत सगळे सर सर करून मेल पाठवतात."

मी त्याला असं झापलं की बाहेरचा पंक्चरवाला आत डोकावला. पोराने अर्धी चपाती खाल्ली, ताट पुसून घेतलं आणि जाताना मेंबर झाला.

पंधरा वर्षं मला वाटत होतं मी आमटी विकते. मी काय विकते ते समोरच्याने फ्लेक्स लावून सांगितलं, तेव्हा कळलं. मग मेंबरांनीच वर्गणी काढून मला पहिला फ्लेक्स करून दिला, 'मावशीची मेस. ओरडा फुकट.' पंधरा वर्षांत माझ्या मेसला नाव नव्हतं, ते त्या दिवशी पडलं. त्या महिन्यात मी साठ मेंबर ओलांडले.

आणि गंमत अशी की संजयचेही वाढले. ज्यांना ओरडा नको होता, ते सगळे त्याच्याकडे गेले. असेही बरेच निघाले, डोक्याला आधीच सुपरवायझर असलेले.

*

एकदा वाकडहून एक मुलगी आली. कारमधून उतरली, पांढरे बूट, हातात टॅब. जाहिरातीच्या कंपनीत होती. आमच्या बोर्डांचे फोटो फिरत फिरत तिच्या ऑफिसात पोचले होते. म्हणाली, "मावशी, तुमचं कॅम्पेन कोण करतं?"

"खडू."

तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा ब्रँड अजून मोठा होऊ शकतो. फक्त दोन बदल. हा ओरडायचा भाग थोडा सॉफ्ट करू आणि समोरच्या मेसचा उल्लेख काढून टाकू. दुसऱ्याचं नाव आपण फुकट मोठं का करायचं?"

मी म्हटलं, "आधी जेव."

जेवली. तिखटाने नाक गळायला लागलं, पण ताट पुसलं. मग तिने टॅब उघडला आणि विचारलं, "मावशी, तुमची युएसपी काय? म्हणजे असं काय आहे जे फक्त तुमच्याकडे आहे?"

मी बोटाने रस्त्यापलीकडे दाखवलं.

"ते तर समोरचे आहेत."

"तेच."

तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. मग ती संजयकडे गेली, तोच प्रश्न त्याला विचारला. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने हात वर करून बोट कुठे दाखवलं ते मी माझ्या ओट्यावरून बघितलं.

*

आम्हा दोघांचे फ्लेक्स चाकणला एकाच दुकानात छापले जायचे. छापणाऱ्याचं नाव राजू. राजू दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा आणि इकडचं तिकडे एक अक्षर सांगायचा नाही, त्या बाबतीत तो डॉक्टरसारखा. फक्त गणपतीच्या आधीचे दिवस आले की त्याचं डोकं फिरतं. मंडळांचे फ्लेक्स, नेत्यांचे वाढदिवस, सगळं एकदम. त्यात आम्ही दोघांनी नवे फ्लेक्स टाकले होते, जुने उन्हाने विटले म्हणून. मजकूर तोच.

सकाळी मी दार उघडलं, भाकरीच्या बायका आल्या, कामाला लागलो. वर बघायला सवड कुणाला. पहिला मेंबर आला तो हसतच आला. "मावशी, हसा."

"का हसू?"

"वर लिवलंय."

दुसरा आला. "मावशी, हसल्याशिवाय ताट घेणार न्हाई."

बाहेर येऊन बघते तर माझ्या दारावर 'इथे हसतमुख सेवा. ओरडा खायचा असेल तर समोर.' आणि समोर संजयच्या दारावर 'मावशीची मेस. ओरडा फुकट.' राजूच्या माणसांनी रात्रीतून अदलाबदल करून ठोकले होते. मंडळांच्या घाईत कुणी वाचून बघितलं नसणार.

मी दिवसभर हसले नाही, ते जमण्यातलं नाही. पण समोरचं बघण्यासारखं होतं. त्याच्या मेंबरांनी मुद्दाम भात टाकला आणि हटून बसले, "संजयभाऊ, ओरडा." संजय लाल झाला. घसा खाकरला. मग तो म्हणाला, "कृपया... ताट पुसून घ्यावं."

दोन वाजता त्याने स्वतः शिडी आणली आणि दोन्ही फ्लेक्स बदलले. मी खाली शिडी धरली होती. तेवढं मी केलं.

*

मग एक दिवस त्याचं शटर उघडलंच नाही.

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याचेही मेंबर माझ्याकडे आले, पंगत रस्त्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभी राहिले, खडू हातात, आणि काय लिहू ते सुचेना. 'आजची भाजी : कोबी' लिहून आत आले. गणेश म्हणाला, "मावशी, आज फळा अळणी." तिसऱ्या दिवशी कुणी फोटो काढायला थांबलं नाही. चौथ्या दिवशी त्याचे मेंबर पांगून पार पुढच्या चौकात जायला लागले, आणि त्यांच्यासोबत माझेही सात-आठ. रस्त्यावर थांबायला कारणच उरलं नव्हतं.

मी डबा भरला आणि त्याच्या घरी गेले. आचारी गावी निघून गेला होता, परत येणार नव्हता. संजय गादीवर उताणा. हौसाबाई कोपऱ्यात.

"गाळा गोडाऊनला देतोय ताई," संजय म्हणाला. "महिन्याला आपोआप भाडं. डोक्याला कटकट न्हाई. तुमी जिंकला."

"जिंकून काय करू? फळ्यावर काय लिहू, गोडाऊनविषयी?"

"आचारी न्हाई वो मला."

"माझ्या भाकरीवालीची जाऊ घरी बसलीय. हात चांगला आहे. तोंड माझ्यापेक्षा बरं आहे, तुला चालेल. सांगशील तेव्हा पाठवते."

त्याने भिंतीकडे कूस वळवली. कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "डब्यात भाकर हाय का चपाती?"

"भाकर."

"मग उघडील शटर. मी बगते."

चार दिवस मी डबे पाठवले. पाचव्या दिवशी शटर वर गेलं आणि त्यासोबत फ्लेक्स, 'समोरच्यांच्या नजरेला न जुमानता पुन्हा सुरू.'

माझे डबे खाऊन. माझ्या भाकरीवालीची जाऊ नेऊन. मी इतकी चिडले, इतकी चिडले की फळा दोन्ही बाजूंनी भरला.

*

शेवटचा सांगते. गुरुवार आमच्याकडे सुट्टीचा वार, त्या दिवशी मेसला फिस्ट असते, म्हणजे गोडधोड. पण त्या गुरुवारी कंपनीला ऑर्डर होती, सगळ्या शिफ्ट चालू. दोन्ही मेस भरलेल्या. संजयने नवा फ्लेक्स लावला होता, खाली म्हातारीची खुर्ची, वर बाण काढून, 'आई इथे बसते.'

मी फळ्यावर लिहिलं, 'आई इथे जेवते. आजची भाजी : मटकी.'

दुपारी दोन-अडीचच्या सुमारास हौसाबाई उठल्या. काठी टेकली आणि बसायच्या जागेकडून जेवायच्या जागेकडे निघाल्या. रोजचंच होतं. पण त्या दिवशी दोन्ही बोर्ड एका फोटोत आणि मधे म्हातारी, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. एकाने मोबाइल काढला, मग वीस जणांनी. टू-व्हीलर जिथल्या तिथे थांबल्या. म्हातारीने रस्त्याच्या मधोमध येऊन बघितलं की आपला फोटो काढतायत. तिथेच उभी राहिली आणि पदर नीट केला.

मागून दुसऱ्या शिफ्टची बस आली. तिच्यामागे कांद्याचा ट्रक, त्याच्यामागे आणखी दोन बस. दुसरी शिफ्ट अर्धा तास उशिरा सुरू झाली. असेम्ब्लीची लाइन उभी राहिली. लाइन थांबणं म्हणजे लाखांचं नुकसान, हे आमच्या पट्ट्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

संध्याकाळी सिक्युरिटीच्या साहेबांनी आम्हाला दोन नंबर गेटच्या केबिनमध्ये बोलावलं. फौजेतून आलेले, सरळ माणूस. म्हणाले, "तुमचे बोर्ड मी वर्षभर बघतोय. माझ्या बायकोला पण पाठवलेत. पण आज वरून फोन आलाय. मला लेखी द्यायचंय की बस कुणामुळे थांबली. एक नाव. ते नाव उद्या सकाळी गेटवर लागेल आणि कामगारांनी त्या मेसमध्ये जायचं नाही, असा हुकूम निघेल. मी वर तसं कळवून बसलोय."

माझे सगळे मेंबर त्याच कंपनीचे. संजयचेही. गेटवर नाव लागलं की महिनाभरात पन्नास काय, पाचही राहणार नाहीत.

साहेबांनी आम्हाला दोन टेबलांवर बसवलं, परीक्षेला बसवतात तसं. एकेक कोरा कागद, एकेक पेन. "बोलायचं नाही. बघायचं नाही. बस कुणामुळे थांबली, नाव लिहा, खाली सही करा."

मी पेन धरलं. खडूची सवय, पेन हातात बसेना. बाहेर काचेला नाक लावून गणेश आणि बाकीचे उभे. पोरीचं शेवटचं वर्ष होतं. एक नाव लिहायचं आणि समोरचा गाळा कायमचा गोडाऊन. संजय पेनाचं टोपण चावत होता. त्याच्याही घरी पोरं आहेत.

"ताई, हिकडं बघू नका," तो म्हणाला.

"कशाला बघू? तुझं अक्षर कुणाला वाचता येतं?"

"बोलायचं नाही," साहेब म्हणाले.

मी लिहिलं. सावकाश, वळणदार, गुरुजींनी शिकवलं तसं. सही केली. संजयने पण केली. साहेबांनी माझा कागद वाचला. मग त्याचा वाचला. मग परत माझा. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यांची मेस कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

आम्ही दोघेही गप्प. बोलायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं.

साहेबांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून टाचणी मारली. मग म्हणाले, "हुकूम म्हणजे हुकूम. मी वर कळवलंय, नाव लागणार म्हणजे लागणार."

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या आधी मी स्वतः गेटवर गेले. संजय माझ्या आधी येऊन उभा होता. कंपनीचा कागद, कंपनीचा शिक्का, काचेच्या पेटीत. मजकूर टाइप केलेला होता, 'काल दुसऱ्या पाळीची बस थांबवल्याबद्दल जबाबदार :' आणि त्याच्यापुढे, ठळक अक्षरांत, श्रीमती हौसाबाई.